पडद्यावरचा परिपथ : सॉफ्टवेअर कोणते निवडावे?

विद्युत परिपथाचे सिम्युलेशन म्हणजे परिपथ प्रत्यक्ष न जोडता त्याचे वर्तन संगणकाकडून गणिताने काढून घेणे. अभियांत्रिकी आणि पदविका महाविद्यालयांत ही गोष्ट नेहमीची झाली आहे. अकरावी-बारावीला इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या शिक्षकांनाही तिचा उपयोग होतो. मग प्रश्न येतो : परवाना विकत घ्यावा लागणारे सॉफ्टवेअर वापरावे, की मुक्तस्रोत? हा प्रश्न सहसा खर्चाचा समजला जातो. आपण तो शिक्षणाच्या बाजूने तपासून पाहू.

आधी थोडा इतिहास. आज प्रचारात असलेल्या बहुतेक सिम्युलेटरांचे मूळ ‘स्पाइस’ या आज्ञावलीत आहे. अमेरिकेतील बर्कली येथे लॉरेन्स नेगल यांनी प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली ती तयार केली आणि १९७३ साली ती जाहीर झाली. तिच्या आधीच्या ‘कॅन्सर’ या आज्ञावलीवर मालकीहक्काची बंधने होती. ती बंधने उरणार नाहीत इतके लेखन नव्याने करावे आणि आज्ञावली सर्वांना खुली असावी, असा पेडरसन यांचा आग्रह होता. म्हणूनच ‘स्पाइस’ विद्यापीठांतून आणि कारखान्यांतून झपाट्याने पसरली. पुढे १९८४ मध्ये वैयक्तिक संगणकासाठी ‘पीस्पाइस’ बाजारात आली. ‘मल्टीसिम’ आणि ‘एलटीस्पाइस’ही याच घराण्यातल्या, आणि मुक्तस्रोत ‘एनजीस्पाइस’ तर थेट बर्कलीच्या तिसऱ्या आवृत्तीची वंशज. तेव्हा विकतचे ते अचूक आणि फुकटचे ते अंदाजपंचे, ही समजूत शालेय व पदवी पातळीवरच्या परिपथांपुरती तरी निराधार आहे. घटकांची माहिती सारखी दिली, तर उत्तरेही व्यवहारात सारखीच येतात.

मग फरक कुठे पडतो? विकतच्या सॉफ्टवेअरच्या जमेच्या बाजू मान्य केल्याच पाहिजेत. ‘मल्टीसिम’मध्ये पडद्यावर दिसणारा ऑसिलोस्कोप खऱ्या उपकरणासारखा असतो. नवख्या विद्यार्थ्याला तो चटकन कळतो. घटकांचा संग्रह मोठा असतो, मांडणी सफाईदार असते. चिपची रचना करणाऱ्या कंपन्यांत अशीच व्यावसायिक साधने वापरली जातात, त्यामुळे त्या वाटेने जाणाऱ्याला त्यांची ओळख हवीच.

इथे एक गल्लत टाळावी. फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘एलटीस्पाइस’ फुकट मिळते आणि उत्तम चालते, पण तिचा स्रोत बंद आहे. आत गणित कसे केले आहे ते वाचता येत नाही, बदलता येत नाही. ‘एनजीस्पाइस’चे तसे नाही.

आपल्याकडचा मुक्तस्रोत पर्याय म्हणजे मुंबई आयआयटीच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचे ‘ई-सिम’. पूर्वी त्याचे नाव ‘ऑसकॅड’ होते. आकृती काढण्यासाठी ‘कायकॅड’ आणि गणितासाठी ‘एनजीस्पाइस’ ही मुक्त साधने त्यात एकत्र बांधली आहेत. दोषही सांगायला हवेत. आकृती काढून झाली की ती ‘एनजीस्पाइस’ला समजेल अशा यादीत रूपांतरित करण्याची एक वेगळी पायरी पार करावी लागते, आणि तिथे नवखा विद्यार्थी अडखळतो. चूक झाली की येणारे संदेश त्रोटक असतात. भू-बिंदू, म्हणजे शून्य विभवाचा बिंदू, द्यायचा राहिला तर गणित अडते, पण नेमके काय राहिले हे त्या संदेशावरून मुलाला उमगेलच असे नाही. शिक्षकाने आधी स्वतः चार परिपथ सोडवलेले नसतील, तर तास वाया जातो.

तरीही ती अडचणीची पायरी मला शिक्षणाच्या दृष्टीने मोलाची वाटते. तिथे परिपथ साध्या मजकुराच्या यादीत उतरतो : अमुक रोधक, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, इतके ओहम. संगणकाला चित्र कळत नाही, त्याला ही यादी कळते. मग किरचॉफचे नियम वापरून तो समीकरणे मांडतो, जशी आपण फळ्यावर मांडतो. हे ज्या विद्यार्थ्याने पाहिले, त्याला सिम्युलेटर जादूचा खोका वाटत नाही.

आता मावळाचा विचार करू. तळेगाव आणि लोणावळा परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथे शिकणारा एखादा विद्यार्थी आंदर मावळातल्या किंवा पवन मावळातल्या गावातून येत असेल. सॉफ्टवेअरचा परवाना प्रयोगशाळेतल्या ठरावीक संगणकांपुरताच असेल, तर त्याचा सराव प्रयोगशाळेला कुलूप लागले की संपतो. घरी जुना संगणक असला तरी उपयोग नाही. मग चोरीची प्रत हातोहात फिरते, आणि ‘कुठून तरी मिळव’ असे शिक्षकाने म्हटले, तर परिपथाबरोबर अप्रामाणिकपणाचाही धडा दिला जातो. केवळ इंटरनेटवर चालणारी साधने पावसाळ्यात, संपर्क तुटला की, बंद पडतात. मुक्तस्रोत प्रत एकदा पेनड्राइव्हवर आणली, की ती कितीही संगणकांवर, राजरोसपणे, इंटरनेटशिवाय चालते.

एक दोष मात्र दोन्ही पक्षांत आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीला १० ओहमचा, पाव वॉटचा रोधक जोडा. सिम्युलेटर शांतपणे ०.९ अँपिअर हे उत्तर देतो. म्हणजे रोधकात ८.१ वॉट शक्ती खर्च होते. प्रत्यक्षात तो रोधक धूर सोडेल. काही विकतच्या साधनांत क्षमता ठरवून दिलेला घटक जळाल्याचे दाखवण्याची सोय असते, पण मूळ ‘स्पाइस’ला पाव वॉट ही मर्यादाच माहीत नाही.

शिवाय खऱ्या बॅटरीला अंतर्गत रोध असतो. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ पासून वीज तयार केली जाते. त्या नळांत पाणी थांबलेले असताना टोकाशी जेवढा दाब असतो, तेवढा पाणी वाहू लागल्यावर राहत नाही. काही भाग नळातल्या घर्षणात जातो. बॅटरीचेही तसेच. अंतर्गत रोध २ ओहम धरून यादीत एक ओळ वाढवा. धारा ०.७५ अँपिअर होते आणि बॅटरीच्या टोकांवर ७.५ व्होल्टच उरतात. वर्गात हा बदल मुलांकडूनच करून घ्यावा. आपण जेवढे सांगितले तेवढेच सिम्युलेटरला कळते, हे त्यातून पक्के ठसते.

तेव्हा माझे मत असे. शिकण्यासाठी मुक्तस्रोत साधन घ्यावे. विद्यार्थ्याला ते घरी नेता येते, त्याच्या पोटात डोकावता येते, आणि आज केलेले काम दहा वर्षांनीही साध्या मजकुराच्या रूपात उघडता येते. व्यावसायिक साधनाची ओळख शेवटच्या वर्षी, ज्यांना गरज आहे त्यांना करून द्यावी. ज्याला यादी आणि तिच्यामागचे गणित समजले आहे, त्याला नवे साधन शिकायला वेळ लागत नाही. आणि कोणतेही सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने एक बॅटरी, दोन रोधक आणि मल्टिमीटर हाताळलेला असावा. पडद्यावरचे उत्तर कशाशी ताडून पाहायचे, हे त्याला त्याशिवाय कळणार नाही.