खापराचा दृष्टांत : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका रीतीची परीक्षा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा ‘क्रिस्तपुराणा’ची भाषा आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचे धर्मांतर या दोन विषयांभोवतीच घोटाळतो. नित्याच्या वस्तूंतून अध्यात्माचा पाठ काढावयाचा, ही या वाङ्मयाची सर्वांत व्यापक रीत मात्र समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. चूल, विहीर, फूल, मडके, जे समोर असेल ते हाती घ्यावे आणि श्रोत्यास तेथून देवाच्या राज्याकडे न्यावे, असा हा व्यवहार आहे. असा पाठ वस्तूतून खरोखर निघतो केव्हा आणि तिला नुसता चिकटविला जातो केव्हा, हा प्रश्न वाङ्मयाचा आहे, तसाच श्रद्धेच्या प्रामाणिकपणाचाही आहे.

परीक्षेसाठी एकच वस्तू घेऊ. नंदुरबार जिल्ह्यात (हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता) अक्कलकुवा तालुक्यात, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातच्या सीमेजवळ खापर नावाचे गाव आहे. नावाच्या व्युत्पत्तीत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. शब्द कानी पडताच खानदेशी मनुष्याच्या डोळ्यांपुढे काय येते, एवढेच पाहावयाचे आहे. फुटक्या मडक्याचा तुकडा त्याला आठवेल. परंतु त्याआधी आठवेल ते चुलीवर पालथे घातलेले, खालून जाळ घेणारे मातीचे भांडे, ज्यावर पुरणाचे मांडे भाजतात. विसोबाने कुंभारांना मना केल्यामुळे मुक्ताबाईला खापर मिळाले नाही आणि ज्ञानदेवांनी आपली पाठच तापवून दिली, ही कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. तिच्यात खापर म्हणजे टाकाऊ तुकडा नव्हे. ते नसल्यावाचून घरातला सण अडतो अशी ती वस्तू आहे.

आता बायबलाकडे वळावे. ईयोब राखेत बसून खापराने अंग खरवडतो. बाविसाव्या स्तोत्रातील दुःखिताची शक्ती खापरासारखी सुकून गेली आहे. निर्मात्याशी भांडणाऱ्यास यशया मातीच्या खापरांतील एक खापर म्हणतो. यिर्मया ज्या वेशीपाशी मडके फोडतो, तिच्या नावाचा अर्थ नवी भाषांतरे ‘खापरांची वेस’ असा करतात. सर्वत्र खापर म्हणजे मोडलेले, वाळलेले, टाकलेले. म्हणजे शब्द एक असला, तरी शास्त्रातील खापर आणि स्वयंपाकघरातील खापर परस्परांस पाठमोरी उभी आहेत. भाषांतरकाराला ही अडचण जाणवण्याचे कारण नाही. प्रवचनकाराला ती जाणवलीच पाहिजे. ज्या घरी सकाळी खापरावर मांडा भाजला गेला, त्या घरी संध्याकाळी ‘मी केवळ खापर आहे’ हे वाक्य दैन्याचे वाटेलच असे नाही.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मातीच्या भांड्यांतील ठेव्याचा उल्लेख आहे: सामर्थ्याची पराकोटी देवाची आहे, आमची नव्हे, हे दिसावे म्हणून ठेवा मातीच्या भांड्यात आहे. माझ्या मते खानदेशी खापराला हे वचन अधिक जवळचे आहे. खापराला स्वतःची उष्णता नसते. जाळाकडची बाजू काळी पडते आणि वरचा मांडा पांढरास्वच्छ राहतो. तापलेल्या खापरावर एकदम गार पाणी पडले तर ते तडकते. हे तिन्ही गुण वस्तूचे आहेत, उपदेशकाने लादलेले नव्हेत. म्हणून त्यांतून निघणारा बोध ऐकणाऱ्या बाईला आपल्या अनुभवाशी ताडून पाहता येतो. आणि ताडून पाहता येणे हीच दृष्टांताची कसोटी होय.

याच शब्दाची तिसरी छटा अधिक धोक्याची आहे. दुसऱ्याच्या माथी खापर फोडणे हा वाक्प्रचार प्रत्येक मराठी तोंडी आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील आदाम आपले खापर स्त्रीवर फोडतो आणि स्त्री सर्पावर. येथे वाक्प्रचार इतका चपखल बसतो की उपदेशकास मोह न झाला तरच नवल. परंतु तोच वाक्प्रचार वधस्तंभापर्यंत ओढला, तर अनर्थ होतो. ‘जगाच्या पापाचे खापर ख्रिस्ताच्या माथी फुटले’ असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात एक निरपराध बळी आणि एक अन्यायी पिता उभा राहतो, कारण मराठीत खापर नेहमी नाइलाज झालेल्याच्या डोक्यावर फुटते. प्रायश्चित्ताच्या सिद्धांताचा कणा स्वेच्छेत आहे आणि नेमकी स्वेच्छाच या वाक्प्रचारात नाही. परिसरात भाषाही येते, आणि चूल-मडक्यांपेक्षा ती हाताळावयास कठीण.

या विवेचनाला मराठीतच एक जुनी चौकट उपलब्ध आहे. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त प्रत्येक दृष्टांताची तीन अंगे आहेत: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक. पहिली दोन चक्रधरांची, तिसरे केशिराजबासांचे. दार्ष्टान्तिक म्हणजे दृष्टांत उलगडून सिद्धांताला जोडणे. ख्रिस्ती परंपरेतील लेखक या तिसऱ्या अंगाचे काय करतात, यावरून त्यांची जात ओळखता येते. थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) मराठीच्या प्रशंसेसाठी मोगरा आणि कस्तुरी येतात; तेथे परिसर हा अलंकार आहे आणि अलंकाराकडून कोणी बोधाची अपेक्षा करीत नाही. टिळकांचे तसे नाही. त्यांचे फूल बोलते. ‘वनवासी फूल’मध्ये तर त्याचा कवीशी संवादच चालतो. टिळकांचा जिव्हाळा निःसंशय मोठा आहे. तथापि पुष्कळदा त्यांच्या फुलाला काय सांगावयाचे हे फुलण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि दार्ष्टान्तिक पाकळ्यांहून जड होते. त्यांच्या घरी राहून गेलेल्या खानदेशच्या बालकवींनी फुलांना या कामातून मुक्त केले, हा योगायोग नव्हे असे वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४ ते १९३६) दार्ष्टान्तिक जवळजवळ नाहीच. सोवळ्याच्या अतिरेकात बुडालेले माहेर, कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा प्रश्न, पतीच्या धर्मांतराने दुभंगलेले घर हे सारे घडत जाते. त्या पाण्यावर भाष्य करीत नाहीत, पाणी पितात. ख्रिस्ती जीवनाचा पाठ या ग्रंथात इतका पक्का आहे, तो त्याला कोठेही पाठाचे रूप दिलेले नाही म्हणून. टिळकांच्या अनेक कवितांपेक्षा हे गद्य मला अधिक श्रद्धावान वाटते. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचा (१९५२) धर्म निराळा. परंतु वस्तूवरचा विश्वास याच जातीचा आहे.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील खमिराचा दाखला एका वाक्याचा आहे: स्त्रीने खमीर तीन मापे पिठात लपविले आणि सारे पीठ फुगले. पेरणाऱ्याच्या दाखल्याचे स्पष्टीकरण येशू शिष्यांना देतो. याचे देत नाही.

खापरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. मांडे हे खानदेशी शेतकरी घरांचे सणाचे अन्न आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल वस्त्यांत रोजची भाकरी ज्वारीची किंवा मक्याची असते, आणि घरची बोली प्रमाण मराठी नसते. पश्चिम खानदेशात स्वीडिश मिशनऱ्यांनी विसाव्या शतकात काम केले ते मुख्यतः याच समाजात. तेव्हा वर मी जो खापराचा दृष्टांत उभा केला, तोही या श्रोत्यांपैकी कित्येकांच्या घरचा नव्हे, शेजारचा आहे. अक्कलकुवा, तळोदे आणि नवापूर या तालुक्यांतील ख्रिस्ती उपासनांत आज कोणत्या वस्तू, कोणत्या बोलीत दृष्टांत म्हणून येतात, त्यांची जागेवर जाऊन टिपणे घेण्याचे काम आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे. त्यासाठी मराठीबरोबर वसावी बोली समजणे अवश्य राहील.