वळचणीखालची वाट

घराचा नकाशा पुढे आला की आपण खोल्या मोजतो. एका खोलीतून दुसरीत, सोप्यातून न्हाणीकडे, स्वयंपाकघरातून विहिरीकडे जायची जी वाट असते, तिची आठवण पहिल्या पावसात होते. आणि ती बहुधा घरातल्या बाईलाच होते. म्हणून आपल्या घरबांधणीचे गुणदोष बघायचे तर ते या वाटेवरून बघावेत, असे मला वाटते.

पुण्याच्या सदाशिव पेठेतला विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ साली पुरा केला. तिथले सुरूच्या घाटाचे सागवानी खांब पाहून लोक माना डोलावतात. मला मात्र खांबांमागची जागा अधिक मोलाची वाटते. मधे चौक, वर उघडे आभाळ, आणि भोवती छपराखालची ओसरी. ऊन-पाऊस मधे उतरावा आणि माणसाने कडेकडेने कोरडे फिरावे, अशी ही योजना. जुन्या वाड्यांतून याच ओसरीवर धान्य निवडले जाई, मूल रांगे, आलागेला टेके. रुंदीत काटकसर केली असती तर तिचा नुसता बोळ झाला असता.

पण जुन्याचे गोडवे गाताना हात जरा आखडताच घ्यावा. कोकणातले घर पाहा. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागली पडवी, सगळे एका छपराखाली ओवलेले. फराळाची ताटे चुलीपासून ओटीपर्यंत थेंब न लागता येतात. आणि विहीर, गोठा? ती परसात, उघड्यावर! वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाहुण्याचे पाऊल भिजू नये म्हणून पुढे एवढी पडवी. आणि कळशी घेऊन शेवाळलेल्या पाखाडीवरून जाणारीला एक इरले. चार वासे आणि थोडी कौले एवढाच तो प्रश्न होता. ज्यांच्या हाती पैसा होता, त्यांना त्या वाटेने जावे लागत नव्हते, हे खरे कारण.

आजच्या बंगल्यांनी यात काय सुधारले? मोटारीपासून दारापर्यंत झोकदार छत असते. मागे धुण्याच्या दगडाकडे जाताना पदर डोक्यावर घ्यावा लागतो. पुढचे छतदेखील पुष्कळदा शोभेचेच. पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा येतो, आणि छत असते उंच व आखूड. वळचण खाली उतरलेली आणि जोत्याच्या पुष्कळ पुढे आलेली हवी, म्हणजे पागोळ्या अंगणात पडतात. दोन छपरे मिळतात तिथली पन्हळ ऐसपैस हवी. ती तुंबली की सारे पाणी नेमके वाटेवर. गवंड्याला हे ठाऊक असते. त्याला कोणी विचारत नाही.

ओळखीचे कोणी नकाशा दाखवायला आले, तर मी दिवाणखान्याकडे पाहतच नाही. भरली बादली घेऊन जाणारी आणि समोरून येणारी, अशा दोघी अंग न चोरता इथून जातील का, एवढे विचारतो. मग पेन्सिल निघते.