मरणाचं गाणं आणि वऱ्हाडचा कान

मागच्या वेळी वऱ्हाडी दंडारीवर बोललो, तेव्हा पुढचा विषय डेथ मेटल आहे असं जाहीर केलं आणि सभागृहात जरा कुजबुज झाली. एक काका जाता जाता म्हणाले, "सर, तो गोंगाट कायले घेता?" काका आज पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यामुळे मला जपून बोलावं लागणार.

गोंगाट आहे का? आहे. पण डफडंही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गोंगाटच वाटतं. डफड्यावर एका हातात जाड टिपरू असतं, दुसऱ्या हातात बारीक कामटी. दोन्हींचा वेग वाढत जातो आणि एका क्षणी वेगवेगळे ठोके ऐकू येईनासे होतात, नुसती थरथर उरते. डेथ मेटलमधला ड्रमवाला हेच करतो. दोन्ही पायांनी मोठा ढोल आणि हातांनी स्नेअर असा वाजवतो की ठोक्यांची भिंत होते. त्याला ब्लास्ट बीट म्हणतात. गिटारचे सूर खाली उतरवलेले, आवाज मुद्दाम फाडलेला. आणि गाणारा गात नाही, घशाच्या तळातून गुरगुरतो. ही शिकून येणारी गोष्ट आहे. नीट न शिकता केली तर आठवड्यात गळा बसतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1985 साली कॅलिफोर्नियातल्या पझेस्ड या बँडचा 'सेव्हन चर्चेस' आला, 1987 साली फ्लोरिडातल्या डेथ या बँडचा 'स्क्रीम ब्लडी गोर'. पुढं फ्लोरिडातलं टँपा हे या संगीताचं एक गाव झालं आणि स्वीडनमधलं स्टॉकहोम दुसरं. आज मात्र गाव एक राहिलेलं नाही. न्यूझीलंडपासून इंडोनेशियापर्यंत बँड आहेत. यातले जगभरचे कितीतरी बँड ज्या कंपनीतून अल्बम काढतात, ती ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी नावाची कंपनी चालते मुंबईतून. म्हणजे अकोल्याचा पोरगा हेडफोन लावून जे ऐकतो, ते फार परदेशातून येतं असं समजू नका.

आता अल्बमांकडे येऊ. पाच-सहाच घेतो, पण नीट घेतो.

पहिला न्यूझीलंडच्या अल्सरेटचा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड', 2024. तीनच माणसं, सात गाणी, जवळपास तासाभराचा ऐवज. या बँडचा ड्रमवाला जेमी सेंट मेरॅट ध्वनिमिश्रणही स्वतःच बघतो, आणि ते ऐकू येतं. ड्रम इथं ताल धरून बसत नाहीत, ते बोलतात. गिटार आपटत नाही. ती दूरवरून धुक्यासारखी येते, बेसूर वाटणारे स्वर एकमेकांवर रचत जाते. राग आहे, पण रागाच्या खाली शोक आहे. दोष सांगायचा तर तासाभरात उजेडाच्या जागा फार थोड्या येतात. चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत कान थकतो. पण थकलेल्या कानानंच शेवट जास्त लागतो, हेही खरं.

दुसरा अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर', हाही 2024 चा. दोनच रचना, प्रत्येकी वीसेक मिनिटांच्या. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केलेला. गुरगुर आणि ब्लास्ट बीट चालू असताना मध्येच सगळं थांबतं आणि सत्तरच्या दशकातल्या जर्मन सिंथेसायझर संगीतासारखं काहीतरी तरंगू लागतं. याचं जगभर फार कौतुक झालं. मलाही आवडला. पण सांधे दिसतात. शांत भाग आणि आक्रमक भाग शेजारी शेजारी राहतात, नेहमीच एकमेकांत मुरत नाहीत. आपल्या भाषेत, वाडा मोठा आहे पण दोन बिऱ्हाडं वेगळी चूल मांडून आहेत.

तिसरं नाव हैदराबादच्या गॉडलेसचं, 'स्टेट्स ऑफ केऑस', 2021. हैदराबाद आपल्याला परकं नाही. 1853 च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, त्याआधी निजामाचंच होतं. या अल्बममध्ये नवं काही सिद्ध करायची धडपड नाही. रिफ घट्ट, गाणी आटोपशीर, एकही मिनिट फुकट नाही. ज्याला या संगीताची सुरुवात करायची आहे त्यानं इथून करावी.

मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शननं 2017 साली 'दशावतार' काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. तबला-सितारीचा वापर आहे. कल्पना मोठी, आणि कल्पनेनंच अडचण केली. प्रत्येक अवताराला एक गाणं द्यायचं ठरल्यावर काही गाणी यादी पूर्ण करण्यासाठी आल्यासारखी वाटतात. आपल्याकडं दशावताराचा खेळ कोकणात रात्रभर चालतो, पण दहाही अवतारांना सारखा वेळ कोणी देत नाही. कुठं रेंगाळायचं हे खेळणाऱ्याला कळतं. या अल्बमला ते पुरतं कळलेलं नाही.

आता ज्यासाठी हे व्याख्यान ठरवलं, तिथं येतो.

मुंबईचाच गटस्लिट, 2007 पासूनचा बँड. त्यांचा 2017 चा अल्बम 'ॲम्प्युथिएटर'. नावातच अवयव तोडणं आणि रंगमंच यांची सरमिसळ आहे. विषय म्हणजे जुन्या काळातले छळाचे आणि देहदंडाचे प्रकार. वादन अतिशय तयारीचं, वेग थक्क करणारा, आणि मजकूर नुसतं रक्त. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा चिडलो होतो. आपण पश्चिम विदर्भातले लोक. इथल्या शेतकरी आत्महत्यांची सरकारदरबारी 2001 पासून नोंद ठेवली जाते. इथं कापसाच्या फवारणीचं औषध कपाटात असतं आणि ते कशाकशाला वापरलं जातं हे प्रत्येक गावाला माहीत आहे. अशा ठिकाणी बसून मरणाची ही जत्रा ऐकायची? हे अश्लील आहे असं मी लिहूनही ठेवलं होतं. आजच्या व्याख्यानाचा शेवट तोच होणार होता.

मग एक विद्यार्थी भेटला. नाव सांगत नाही, गावही नाही. वडील गेले ते असेच गेले. हा पोरगा गटस्लिट ऐकतो. मी त्याला अल्सरेट ऐकवलं. म्हटलं, हे बघ, यात खरं दुःख आहे. त्यानं पूर्ण ऐकलं, चांगलं आहे म्हणाला. मग म्हणाला, "पण सर, मले ते दुसरंच बरं वाटते. त्यातलं मरण खोटं आहे. खऱ्यात तर आवाजच नव्हता झाला."

मंडळी, मी तीस वर्षं समीक्षा करतो. या वाक्यासमोर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी कलेकडून खरेपणा मागत होतो, आणि ज्याच्या घरी खरं घडलं तो खोटेपणा मागत होता. त्याला पुन्हा तेच दुःख नको होतं. मरण एवढं मोठ्यानं, एवढं अचाट, एवढं हास्यास्पद व्हावं की ते आपल्या घरातलं उरू नये, हे त्याला हवं होतं. दंडारीतलं सोंग तरी काय करतं? राक्षस येतो, तोंडाला काळं फासून, आणि लेकरं आधी भितात मग हसतात.

म्हणून मी माझी कसोटी बदलली. मरण खरं की सोंगाचं, हा प्रश्न नाही. आपण यातलं काय करतोय हे त्या अल्बमला ठाऊक आहे का, हा प्रश्न आहे. अल्सरेटला ठाऊक आहे. गटस्लिटलाही ठाऊक आहे, म्हणून तर अल्बमच्या नावात रंगमंच आहे. वाईट अल्बम ते, जे सोंग करतात आणि शोकाचा आव आणतात. तसे या प्रकारात ढिगानं निघतात, त्यांची नावं घेऊन वेळ घालवत नाही.

पण याच कसोटीवर एक उणीव उरते, आणि ती आपली आहे. मरणाबद्दल मोठ्यानं बोलायची रीत वऱ्हाडात नव्हती असं नाही. गाडगेबाबांना कीर्तनात उभं असताना मुलगा गेल्याची बातमी कळली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मेळघाटात कोरकू लोक गेलेल्याच्या नावानं कोरीव सागवानी खांब उभा करतात. ही आपली शब्दसंपत्ती आहे. ती या संगीतात अजून आलेली नाही. आपले बँड गुरगुरतात ते बहुधा इंग्रजीत.

इंडोनेशियात बांडुंगचा जसाद नावाचा बँड आहे. 2013 साली त्यांचा 'रिबर्थ ऑफ जातिसुंदा' आला. ते आपल्या सुंदानी भाषेतही गातात. त्याच गोतावळ्यातल्या पोरांनी कारिंदिंग हे तोंडाशी धरून वाजवायचं, बांबूचं, जवळजवळ विसरलं गेलेलं वाद्य पुन्हा हातात घेतलं. मेटल ऐकणाऱ्यांनी लोकवाद्य वाचवलं, हे लक्षात घ्या. अस्सल तेच वाजवा असा आग्रह मी धरत नाही. 'दशावतार'मध्ये तबला आहेच, पण तो पाहुण्यासारखा येतो. जसादकडं भाषा घरची माणूस होऊन येते. फरक एवढाच, पण मोठा.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. हा गोंगाट घेतला, कारण आपल्या गावातली पोरं तो ऐकतात आणि कशासाठी ऐकतात हे आपण विचारत नाही. घरात हेडफोन लावून बसलेल्या पोट्ट्याला "बंद कर ते" म्हणण्याआधी एकदा "काय ऐकतो, मले पण ऐकव" म्हणून पाहा. गाणं आवडणार नाही कदाचित. पण तो बोलेल, आणि आपल्याकडं बोलणं झालं नाही म्हणूनच बरंच काही झालेलं आहे.