काचेवरचा कळफलक: आयफोन 3जीचे गुणदोष

एखादे उपकरण चांगले की वाईट, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. उत्तर देण्यापूर्वी 'कोठे आणि कोणासाठी?' असा उलट प्रश्न करावा, असे आम्हांला वाटते. उदाहरणादाखल स्पर्शपडद्याच्या सुरुवातीच्या फोनांपैकी आयफोन 3जी घेऊ. 22 ऑगस्ट 2008 रोजी तो भारतात विक्रीस आला. आज तो वापरातून गेला आहे. पण आपल्या हातातले बहुतेक फोन त्याच्याच वळणाचे आहेत. म्हणून नांदेड-लातूरच्या उन्हात आणि भारनियमनात तो कसा ठरला असता, हे तपासणे आजही उपयोगाचे आहे.

प्रथम गुण पाहू. या फोनच्या काचेखाली पारदर्शक वाहकाच्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. दोन रेषा जेथे एकमेकींवरून जातात, तेथे एक लहानसे धारित्र तयार होते. आपले बोट विद्युतवाहक असल्याने ते जवळ येताच तेथील धारिता बदलते. फोनमधील मंडल प्रत्येक छेदबिंदू सेकंदाला अनेकदा तपासते आणि बोटाची जागा काढते. प्रत्येक बिंदू वेगळा तपासला जात असल्याने दोन बोटेही वेगवेगळी ओळखता येतात. दोन बोटे फाकवून चित्र मोठे करण्याची युक्ती यातूनच आली. दाब द्यावा लागत नाही आणि वर कठीण काच असल्याने ओरखडेही कमी पडतात.

त्याच वर्षी जाहीर झालेल्या नोकिया 5800 या फोनची रीत वेगळी होती. त्यात दोन वाहक थर किंचित अंतर ठेवून बसवलेले असत. दाबल्यावर ते एकमेकांना टेकत आणि त्या जागेचे विभवांतर मोजून स्थान कळे. हा पडदा नखाने, काडीने, पेनाच्या टोपणानेही चाले. पण तो एका वेळी एकच स्पर्श ओळखे, आणि वरचा थर प्लॅस्टिकचा असल्याने लवकर खरवडला जाई. आयफोनवर नखाचा किंवा प्लॅस्टिकच्या टोपणाचा काही उपयोग नव्हता. बोट घामाने ओले असले तर त्याचा अंदाज चुके. थोडक्यात, प्रत्येक रीतीला तिचा गुण आणि तिची किंमत आहे.

आता दोषांकडे वळू. हा फोन 0 ते 35 अंश सेल्सियस तापमानात वापरावा, असे कंपनीनेच नमूद केले होते. नांदेड-लातुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या वर जातो. म्हणजे उन्हाळ्याच्या कित्येक दुपारी हा फोन आपल्याकडे त्याच्या मर्यादेबाहेरच राहणार. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर थकते, आणि येथे ती वापरणाऱ्याला काढताही येत नव्हती. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रोज कित्येक तास भारनियमन असे. नोकियाच्या फोनला खिशातली दुसरी बॅटरी लावता येई. आयफोनधारकाला वीज येण्याची वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

नावातले '3जी' हेदेखील येथे नुसते नावच होते. खासगी कंपन्यांना 3जीच्या लहरी 2010 च्या लिलावानंतर मिळाल्या. 8 जीबीच्या फोनची किंमत होती 31,000 रुपये. अमेरिकेत तो दोन वर्षांच्या करारावर 199 डॉलरला मिळे. उरलेले पैसे मासिक बिलातून वसूल होत. ब्लूटूथने मित्राला गाणे किंवा छायाचित्र पाठवण्याची सोय त्यात नव्हती. साधे चलचित्रणही नव्हते.

पण आम्हांला सर्वांत अधिक खटकते ते वेगळेच. काचेवरच्या कळा म्हणजे केवळ चित्रे. कोरीव कळांच्या फोनवर लिपी बदलायची तर कळाच बदलाव्या लागतात. येथे एकाच काचेवर रोमन, देवनागरी, उर्दू, कोणताही कळफलक उमटवता येतो. मराठीसारख्या भाषेसाठी स्पर्शपडद्याचा हा सर्वांत मोठा गुण होता. तरीही हा फोन भारतात आला तेव्हा त्यात मराठी कळफलक नव्हता. तंत्राने दार उघडले होते. आत कोणाला घ्यायचे हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मराठी शिक्षक नव्हता.

तेव्हा दोषांची वर्गवारी करावी. नखाने न चालणे हा भौतिकीचा परिणाम आहे. 3जी नसणे ही परिस्थिती होती. न निघणारी बॅटरी आणि मराठीचा अभाव या मात्र निर्मात्यांच्या निवडी होत्या. निवडी बदलता येतात. मजकूर उचलून दुसरीकडे ठेवण्याची सोयही आरंभी नव्हती. ग्राहकांनी ओरड केली, ती जून 2009 मध्ये आली. पुढे फोनांवर मराठीही आली. बॅटरीबद्दल मात्र पुरेशी ओरड झाली नाही, आणि न निघणारी बॅटरी पुढे सर्वत्र रूढ झाली.

आता शाळांत टॅब्लेट आणि मोठे स्पर्शपडदे येत आहेत. खरेदीपूर्वी शिक्षकांनी चार प्रश्न विचारावेत: किती तापमानापर्यंत चालेल? वीज गेल्यावर किती वेळ टिकेल? बॅटरी गावात बदलून मिळेल का? मराठीत लिहिता येईल का? उत्तरे मिळाली नाहीत, तर उपकरण कितीही देखणे असो, ते आपल्या शाळेसाठी घडवलेले नाही, असे समजावे.

वर्गात एक सोपा प्रयोगही करता येईल. फोनचा पडदा बोटाने, नखाने, प्लॅस्टिकच्या टोपणाने आणि ओल्या बोटाने चालवून पाहावा. कोणता स्पर्श ओळखला जातो, कोणता नाही आणि का, हे विद्यार्थ्यांनी स्वतः वहीत नोंदवावे.