व्यवस्थेच्या आत शिरणारा कॅमेरा : जब्बार पटेल यांचे चित्रपट

‘सामना’ (१९७५) आणि ‘जैत रे जैत’ (१९७७) यांच्यात जेमतेम दोन वर्षांचे अंतर आहे. एकात साखरसम्राटाच्या घरच्या बैठका, दारू, दडपलेले प्रकरण आणि शब्दाला शब्द भिडवणारी दोन माणसे. दुसऱ्यात ठाकरांची वाडी, लिंगोबाचा डोंगर, मधमाश्यांची पोळी आणि गाण्यांतून पुढे सरकणारी कथा. त्यानंतर मुंबईतल्या सत्तास्पर्धेवरचा ‘सिंहासन’ (१९७९), महिलाश्रमातला ‘उंबरठा’ (१९८२), तमाशाच्या फडातून निघालेला ‘एक होता विदूषक’ (१९९२), दलित चळवळीच्या पार्श्वभूमीवरचा ‘मुक्ता’ (१९९४) आणि इंग्रजीत केलेला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००). एवढा पसारा पाहून डॉ. जब्बार पटेल यांच्या अष्टपैलुत्वाचे कौतुक करण्याची रीत पडली आहे. कौतुक रास्तच आहे, पण तिथेच थांबले की त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट निसटते. विषय बदलत गेले तरी पटेल पाहत होते ते एकच: माणसांनी उभारलेली व्यवस्था आतून कशी चालते आणि तिच्याशी अडून बसलेल्या एकट्या माणसाचे ती काय करते. मराठी चित्रपटात हे काम इतक्या सातत्याने दुसऱ्या कोणी केलेले नाही.

या दृष्टीचे मूळ रंगभूमीत आहे. १९७२ साली पुण्यात त्यांनी बसवलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ओळीने उभ्या ब्राह्मणांची भिंत होत असे, आणि तीच भिंत क्षणात शहर, जमाव किंवा पडदा होत असे. नाना फडणवीस आणि घाशीराम यांच्याइतकेच त्या रांगेला महत्त्व होते. चित्रपटात आल्यावर ही भिंत दिसेनाशी झाली, पण गेली नाही. ‘सामना’तला हिंदूराव धोंडे पाटील घ्या. निळू फुले यांनी तो उभा केला तो दातओठ खाणारा खलनायक म्हणून नव्हे. भरकटलेल्या दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, आदराने ठेवतो, आपल्या भागात काय काय उभे केले ते अभिमानाने दाखवतो, आणि त्याने खरोखरच पुष्कळ उभे केलेले असते. म्हणून श्रीराम लागूंचा मास्तर जेव्हा गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले असे विचारू लागतो तेव्हा प्रेक्षकाची कोंडी होते. ज्याच्या भोवती सारे गाव जगते त्याच्या उपकारांतच गुन्हा मुरलेला आहे. सत्ता धाक दाखवते हे आपल्याला ठाऊक असते. ती आपलेपणाने पाठीवर हात ठेवते हे ‘सामना’ने दाखवले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे सारे विजय तेंडुलकरांचे आहे. ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ या तिन्हींच्या पटकथा त्यांच्याच, तेव्हा दिग्दर्शकाने समर्थ लेखन पडद्यावर उतरवले एवढेच. आक्षेपात तथ्य आहे. तेंडुलकरांशिवाय हे चित्रपट असे झालेच नसते. पण तेंडुलकरांनी त्याच सुमारास श्याम बेनेगलांसाठी ‘निशांत’ आणि गोविंद निहलानींसाठी ‘आक्रोश’ व ‘अर्धसत्य’ लिहिले. तिथे साचत गेलेला संताप अखेर हिंसेत फुटतो आणि कॅमेरा त्या स्फोटाची वाट पाहत असतो. पटेल यांच्याकडे स्फोट क्वचितच होतो. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरच्या ‘सिंहासन’मध्ये मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक), अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (लागू), कामगार नेता डिकास्टा (सतीश दुभाषी), तस्कर, आमदार, दलाल अशी माणसे येतात आणि जातात. कुणा एकाला नायकपद मिळत नाही. कथा टेलिफोनवर, बंद दारांआडच्या बैठकांत, अर्धवट तोडलेल्या वाक्यांत घडते. सगळे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. त्याला साऱ्यांची गुपिते माहीत आहेत आणि त्या माहितीचे करायचे काय हे माहीत नाही. हा संयम दिग्दर्शकाचा आहे. शिवाय ‘जैत रे जैत’ आणि ‘एक होता विदूषक’ यांत तेंडुलकर नाहीत, तरी दृष्टी तीच राहते. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या ‘विदूषका’त फडातला सोंगाड्या आबुराव चित्रपटाचा तारा होतो आणि मग राजकारणाच्या उपयोगी पडतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हुकमी विनोदाला पटेल यांनी आतून उलटे केले: प्रत्येक व्यवस्था त्याला हसवायला लावते आणि त्या हसण्याची किंमत त्याच्याकडूनच वसूल करते. बेर्डे यांचे इतके व्याकूळ काम इतरत्र पाहायला मिळत नाही.

‘जैत रे जैत’वरचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांमुळे आदिवासी जीवन देखणे झाले, त्याच्या वंचनेचे टोक बोथट झाले, असे म्हटले जाते. सावकार, जंगलखाते, जमीन या चित्रपटात कडेलाच राहतात. हे मान्य करावे लागते. पण पुण्यवंत होऊ पाहणारा भगताचा मुलगा नाग्या (मोहन आगाशे) भिडतो तो समूहाने ठरवलेल्या पाप-पुण्याच्या हिशेबाला. राणीमाशीने डोळा घेतल्यावर त्याची श्रद्धा सूड होते आणि त्या सुडाची किंमत त्याच्यावर प्रेम करणाऱ्या चिंधीला (स्मिता पाटील) जीव देऊन मोजावी लागते. गाणी इथे सजावट नाहीत, वाडीचा सामूहिक आवाज आहेत. त्याच स्मिता पाटील ‘उंबरठा’त सुलभा महाजन होतात, तेव्हा समूह बदलून प्रतिष्ठित कुटुंब आणि आश्रमाची समिती असा होतो. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर आधारलेला हा चित्रपट नवऱ्याला दुष्ट ठरवत नाही. गिरीश कर्नाडांचा वकील नवरा सभ्य आहे, समितीवरच्या बायकाही सभ्य आहेत, आणि सुलभाला घर व नोकरी दोन्ही सोडावी लागतात ती या सभ्यतेपायीच.

पुढे ही पकड सैल झाली. ‘मुक्ता’तला जात आणि वर्ण यांचा एकत्र विचार धाडसी आहे, पण पात्रे भूमिका मांडू लागतात. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये मामुट्टींनी अवघड काम पेलले, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. तरी एवढे विराट आयुष्य तीन तासांत बसवताना प्रसंगामागून प्रसंग नोंदवत जावे लागले आणि ज्या समाजाने बाबासाहेबांना घडवले व ज्याला त्यांनी घडवले, तो पार्श्वभूमीला गेला. समूह पाहणाऱ्या दिग्दर्शकाकडून ही उणीव राहावी याचे वाईट वाटते.

आजचा मराठी चित्रपट या पायवाटेवर फारसा चाललेला नाही. ‘देऊळ’ (२०११), ‘फँड्री’ (२०१३), ‘कोर्ट’ (२०१४) ही मोजकी नावे. बाकी गर्दी ऐतिहासिक पराक्रमाची आणि चरित्रपटांची. प्रेक्षकाला राजकारण नको असते, असे उत्तर मिळते. पण जातीच्या उतरंडीत दोन कोवळी मुले चिरडली जातात हे सांगणारा ‘सैराट’ (२०१६) याच प्रेक्षकाने डोक्यावर घेतला. खरी अडचण अशी की सत्तेचे ठिकाण सरकले आणि कॅमेरा सरकला नाही. साखरपट्ट्याइतकीच सत्ता आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घडते. अंबरनाथजवळच्या पालेगावसारख्या गावांत शेतजमिनीवर गृहसंकुले उभी राहिली आहेत. उल्हासनगर फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून वाढले आणि तिथली अनधिकृत बांधकामे नियमित करायला २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. सात-बाराचा मालक, बिल्डर, नगरसेवक, पाण्याचा टँकरवाला, पहाटेची लोकल गाठणारा भाडेकरू आणि मागे डोंगराच्या कुशीत राहिलेली ठाकरांची वाडी: यांतले कोणीही पुरते दुष्ट नाही आणि कोणीही पुरते सुटलेले नाही. या माणसांना एकाच पटात बसवणारी पटकथा लिहायला ‘सिंहासन’ची रचना आजही उपयोगी पडेल, आणि त्या पट्ट्यातल्या हिंदूरावाला ओळखायला ‘सामना’तला तो आपुलकीचा हात.