शोधाची जवळची वाट

ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत शब्द टंकला, की तो एरवी ठरलेल्या शोधयंत्राकडेच जातो. काय शोधायचे हे आपण ठरवतो. कुठे शोधायचे, हे मात्र परस्पर ठरते. कीवर्डची सोय हा दुसरा निर्णयही आपल्या हाती देते.

फायरफॉक्समध्ये बुकमार्कला, तर क्रोममध्ये सेटिंग्जमधील साइट सर्चला कीवर्ड देता येतो. समजा, मराठी विकिपीडियाच्या शोधपत्त्यात शब्दाच्या जागी टक्क्याचे चिन्ह व त्याला लागून इंग्रजी एस लिहिले आणि 'डब्ल्यू' हा कीवर्ड ठेवला. मग डब्ल्यू, मोकळी जागा व 'बाष्पीभवन' टंकताच तो शब्द पत्त्यात बसतो आणि शोध थेट विकिपीडियातच होतो. बीजगणितात 'क्ष'ची किंमत घालतो, तसेच हे!

मात्र एवढी उपयुक्त सोय सेटिंग्जच्या कोपऱ्यात दडवलेली आहे, हा तिचा मोठा दोष. दुसरा धोका सवयीचा. वाट जवळची झाली म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. तेव्हा विद्यार्थ्यांकडून एक कीवर्ड विश्वकोशासाठी व एक शब्दकोशासाठी करून घ्यावा आणि दोन्हीकडची उत्तरे ताडून पाहायला लावावीत. वाचलेल्या चार सेकंदांपेक्षा ही सवय आम्हाला अधिक मोलाची वाटते.