रिव्हिएरचं घड्याळ

सेंत-एक्झ्युपेरीची 'रात्रीचं उड्डाण' ही कादंबरी १९३१ साली आली. प्रस्तावना आंद्रे जीदची, आणि त्याच वर्षी फेमिना पुरस्कार. तेव्हापासून ती धैर्याची पोथी म्हणून वाचली जाते. धैर्याबद्दल माझी तक्रार नाही. लेखक स्वतः टपालाची विमानं चालवणारा. पण कादंबरीनं शत्रू म्हणून जो उभा केलाय, तो मला पटत नाही.

पाटागोनिया, चिली आणि पाराग्वेकडून तीन विमानं ब्वेनोस आयरेसला यायची आहेत. त्यांच्या पिशव्या घेऊन युरोपचं विमान निघणार. ऑफिसात बसून रिव्हिएर हे सगळं चालवतो. त्याचा हिशेब सरळ आहे : दिवसा आगगाडी-बोटीवर मिळवलेली आघाडी रात्री थांबलं की जाते, म्हणून रात्रीही उडायचं. म्हणजे शर्यत आगगाडीशी आणि झुंज वादळाशी. बाकी जगात जणू कुणी नाहीच!

होते की. तुलूझहून डाकारकडे जाणारं हे टपाल स्पॅनिश सहारावरून जायचं, तिथं स्पेनच्या मर्जीशिवाय चाक टेकवता येत नव्हतं. १९२७ मध्ये कंपनीनं केप जुबीच्या तळावर नेमलं ते या लेखकालाच. स्पॅनिश अधिकाऱ्यांशी गोडीगुलाबीनं राहायचं, मूर टोळ्यांच्या हाती सापडलेल्या वैमानिकांना सोडवायचं. हे वकिलातीचंच काम झालं. समुद्रापलीकडे दक्षिण अमेरिकेत जर्मनही मार्ग बांधत होते. एअरोपोस्ताल कंपनी फ्रेंच सरकारच्या अनुदानावर तगून होती, आणि कादंबरी आली त्याच वर्षी, मार्चमध्ये, ती अवसायनात निघाली. पुढे मालकाच्या मुलानं लुफ्तहान्साशी साटंलोटं दाखवणारे कागद पुढे केले. ते बनावट ठरले. फेब्रुवारी १९३४ मध्ये दक्षिण अटलांटिकवर नियमित टपाल-विमानं सुरू केली ती जर्मनांनीच, समुद्रात मध्यावर एक जहाज उभं करून.

कादंबरीत हे सगळं कोंबायला हवं होतं असं नाही. दीडशे-पावणेदोनशे पानांत काय काय मावणार? पण जे गाळलंय त्यानं एका मरणाचा अर्थच बदलतो. फाबिएन वादळात सापडतो, पेट्रोल संपत येतं, आणि आपण त्याला नियती म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या वेळापत्रकामागे सरकारी करार होते, दोन देशांची ईर्ष्या होती. ती दिसली असती तर रिव्हिएरला इतक्या उंचावर बसवणं लेखकाला अवघड गेलं असतं.

फाबिएनची बायको सिमोन ऑफिसात येते तो प्रसंग मात्र मी पुन्हा पुन्हा वाचते. टेबलं, फायली, कामात गढलेली माणसं, आणि त्यांच्यात ही एकटी, अवघडलेली. तिचंही एक सत्य आहे, हे रिव्हिएरला कळतं. कळतं म्हणूनच तो तिच्याशी फार बोलत नाही. लेखकानं तिच्या तोंडी दोन-चार वाक्यं आणखी घातली असती, तर निदान तिनं तरी विचारलं असतं की एवढी घाई नेमकी कुणाला आहे. पण ती उठून निघून जाते, आणि युरोपचं विमान त्याच रात्री सुटतं.